कापसातली अळी

ही गोष्ट ऐकून कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. पैनगंगेच्या डोहात मगरीच्या पाठीवर बसून मी दाढी केली आहे. करंजीच्या घाटात एका वाघानं मला वाट विचारली आहे आणि मी त्याला मुद्दाम चुकीची सांगितली आहे. या गोष्टींवर माणसं हसतात, 'बस झालं बाबाराव' म्हणतात आणि बसून राहतात. विश्वास बसला नाही तरी माझं काही जात नाही. अळीची गोष्ट मात्र त्यांतली नव्हे. ती काढली की माझ्या तोंडात आंबट पाणी सुटतं, दाढेखाली काहीतरी मऊ चिरडल्याचा भास होतो आणि मग मी भराभर सांगतो, मोठी करून सांगतो. कारण अळी जितकी मोठी करावी तितकी तिची किळस कमी होते. हातभर अळीची गंमत वाटते. बोटाएवढीची वाटत नाही.

घडलं ते एवढंसंच होतं. यवतमाळच्या मोटार स्टँडसमोर मन्सूर पिंजाऱ्याचं दुकान आहे. दुपार कलली होती. मन्सूर कापूस पिंजत होता. येणाऱ्या बाळाच्या गादीचा कापूस. माझी लेक इंदू बाकावर बसली होती, पायाशी तिचं गाठोडं. राळेगावला दिलेली आहे. आईनं हौसेनं डोहाळजेवणाला बोलावलं म्हणून आली, जेवली, ओटी भरून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी परत निघाली. बाळंतपणाला इथं राहणार नाही म्हणाली. 'तिकडंच बरं हाय,' एवढंच. निघताना माझ्या बायकोनं, मथुराबाईनं, मला दाराआड ओढलं. तिचे गुडघे गेलेत, स्टँडपर्यंत चालवत नाही. 'थांबवा तिले,' म्हणाली. 'सासू आंधळी, जाऊ भांडखोर. कोण पाह्यन तिकडं पोरीले? मायं आयकत नाही ते. तुमच्यापायीच चालली.' मी म्हणालो, 'म्यां काय केलं?' तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, 'दुनियेले बोलण्यात गुंतवता नं? आज पोटच्या पोरीले गुंतवा. मोटार चुकली पाहिजे.' राळेगावची ती शेवटची मोटार. चुकली की मुक्काम आलाच, आणि एक मुक्काम पडला की मथुराबाई पुढचे पाडून घेईल. तर मला मोटार चुकवायची होती. त्यासाठी माझ्याजवळ दुसरं काय आहे? तोंड आहे.

मन्सूरच्या दुकानात मला एरवीही बसवत नाही. हवेत तंतू तरंगत असतात, ते नाकात शिरतात, ओठांवर बसतात, थुंकावं तर जिभेला आणखी चिकटतात. समोर चहा ठेवला होता. त्यावर साय धरलेली, सायीवर कापूस. एक घोट घेतला तर ती साय मिशीला लागून ओली लोंबली. पिंजणाची तांत बकऱ्याच्या आतड्याची असते. मन्सूर तिच्यावर लाकडी दस्ता मारतो, ती तुंय तुंय करते आणि लोकांना तो नाद गोड वाटतो. मला प्रत्येक ठोक्याला बकऱ्याचं पोट ऐकू येतं. म्हातारपणी असं होतं की काय कोण जाणे. दुसऱ्यांना जे नुसतं दिसतं ते मला आतून दिसायला लागलंय. जेवताना शेजारच्याच्या घशातून घास उतरतो तो मी मोजत बसतो. मथुराबाई कणीक मळते तेव्हा मी तोंड फिरवतो. त्या बोटांमधून वर येणारं ते पांढरं, लिबलिबीत.

तर पिंजणाच्या हादऱ्यांनी असेल, दुकानाच्या जुन्या खांबातून चिमूटभर भुसा गळला आणि मागोमाग ती पडली. आवाजसुद्धा झाला नाही. पांढऱ्यावर पांढरी. तिनं अंग आवळलं, डोकं पोटाशी नेलं आणि बाळाच्या कापसात तशी पडून राहिली. नेमका त्याच वेळी कापसाचा पोत बघायला मी हात पुढे केला होता. तो असा मागे आला की चहाचा पेला लवंडला.

"बोंडअळी दिसते," लालसिंग म्हणाला. हा फुलसावंगीकडच्या तांड्यावरचा, रजई भरून घ्यायला येऊन बसला होता.

"बोंडअळी एवढी जाड राह्यते काय, लालसिंग?" मन्सूर म्हणाला. "लाकडातली आहे. उचला ना बाबाराव. जंगलखात्यात नाकेदार होते तुम्ही, तुमचीच रयत हाय ते."

"काहून हो, हात काहून मांगं घेतला?" लालसिंग दात काढून हसला. त्याच्या दातांच्या फटींत तंबाखू होती. "वाघाले वाट सांगणारा माणूस अळीले भ्याला?"

इंदू अळीकडे बघतच नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. मी तो हात सदऱ्याला पुसला, काही लागलेलं नसताना पुसला, आणि ते तिनं पाहिलं हे मला कळलं. गप्प बसलो असतो तर ती उठून स्टँडच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली असती.

"ही कायची अळी!" मी म्हणालो. "अळी पाह्यली म्यां झरीच्या जंगलात. हातभर."

"झालं सुरू," मन्सूर म्हणाला. पण त्यानं पिंजण खाली ठेवलं.

मी सांगितलं. एका म्हाताऱ्या बेहड्याच्या पोटात ती राहत होती आणि लाकूड खायला लागली की कोसभर आवाज जायचा. रेंजरसाहेबाला वाटलं, चोरटे करवत चालवून राह्यले. शिपाई जमा केले, झाडाला वेढा घातला, ओरडले, बाहेर या, हात वर करा. आणि आली ना ती बाहेर.

"हात वर केले काय तिनं?" लालसिंगनं विचारलं.

"सहाच्या सहा," मी म्हणालो.

मन्सूर खो खो हसला. इंदूच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, असं मला वाटलं. स्टँडात एक मोटार घुसली. मी मान लांब करून पाटी वाचली. पण ती वणीची निघाली.

खरी अळी बोटाएवढी होती. ज्या हिवाळ्यात मी ती पाहिली तेव्हा आपला जिल्हा मुंबई राज्यात होता आणि मी झरीच्या नाक्यावर. किडे शोधत हिंडणारा एक साहेब आला होता. गोरा नव्हे, इकडचाच, पण कलकत्त्याचा. जाड भिंगाचा चष्मा, हिंदी मोडकं. त्याला एका भुंगेऱ्याचं पोर हवं होतं. मोठे भुंगेरे कोणीतरी कधीतरी पकडून पेटीत टाचून ठेवले होते, पण त्यांची अळी कशी दिसते ते कोणाला माहीत नव्हतं. म्हातारं झाड पाहिजे, आतून सडलेलं, पोटात भुगा झालेलं, आणि तरी उभं. तसल्याच झाडात ती वर्षानुवर्षं पडून राहते म्हणे, अंधारात, सडकं खात. आमच्या खात्याच्या लेखी असली झाडं निकामी. आम्ही त्यांच्यावर घण मारून खूण करायचो आणि ठेकेदार ती तोडून न्यायचा. साहेब त्या बेहड्याच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता आणि म्हणत होता, 'ये पेड़ गया तो ये भी गया, बाबाराव.' मला वाटलं, जाऊ दे की. असल्या गोष्टीवाचून कोणाचं अडलंय?

पण साहेबाची एक रीत होती. स्वतः बघितलेलं तो एकट्याच्या भरवशावर खरं मानत नसे. दुसऱ्यानं तीच वस्तू बघून आपल्या तोंडानं सांगायची. दोघांचं जुळलं तेवढंच खरं. तो दुसरा म्हणजे मी. त्यानं लांब पोलादी चिमट्यानं अळी पानावर ठेवली आणि म्हणाला, बोलो. मी म्हणालो, 'तुपाच्या वातीसारखी.' तो म्हणाला, 'नहीं.' मी म्हणालो, 'पाण्यात फुगलेल्या बोटासारखी.' 'नहीं, बाबाराव. जैसी-वैसी नहीं. जो है, वो बोलो.' आता 'सारखी' हा शब्द काढून घेतल्यावर माझ्या तोंडात उरतं काय? जन्मभर मी त्याच शब्दावर जगलो. पण त्यानं तो काढून घेतला आणि मी बोलायला लागलो. कातडं पांढरं, थोडं पिवळसर, पातळ. अंगाला वळ्या. वळीच्या बगलेला तांबूस ठिपका, तिथून श्वास घेते. डोकं कडक, तपकिरी. जबडा काळा. डोळे दिसत नाहीत. पाय छातीशीच, इतके बारके की त्यांवर चालता येऊ नये. मागचा भाग फुगलेला आणि राखाडी, कारण आतला मळ कातड्यातून दिसतो. केस विरळ. हात लावला की आकसते. सोडली की हळूहळू उलगडते. वास कुबट, आंबट. तुपाची वात म्हटलं की माणूस देवघरात जाऊन पोचतो, त्याला अळीकडे बघावं लागत नाही. साहेबानं माझी ती पळवाट बंद केली. तो खूश झाला, सगळं जुळलं म्हणाला, आणि मी ढोलीमागे जाऊन सकाळची भाकर ओकलो. रात्री हात तीनतीनदा राखेनं घासले तरी वास गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो बेहडा तोडला. खूण माझ्याच घणाची होती.

"मंग? अटक केली काय अळीले?" लालसिंग विचारत होता.

"अटक कशी करन? म्यां जामीन राह्यलो," मी म्हणालो. "साहेब म्हणे, या जातीचं पोर माणसाच्या हातानं दुनियेत वाढलं नाही. म्यां म्हटलं, द्या इकडं. हा बाबाराव वाढोते."

हे मी काहून म्हणालो? साहेबानं तर अळी त्याच सडक्या भुग्यासकट डब्यात भरून नेली होती. पण गोष्ट पुढे जायला हवी होती, मोटार अजून यायची होती आणि गोष्ट आपली आपण ज्या बाजूला उतार मिळाला त्या बाजूला निघाली. मी थांबवू शकलो असतो. थांबवली नाही.

त्याच हिवाळ्यात इंदू पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे होती, नाक्यावरच्या त्या दोन खोल्यांत. दिवस भरायच्या बरेच आधी मोकळी झाली. मुलगी झाली. सुईण म्हणाली, हिला कापसात ठेवा, ऊब तुटू देऊ नका. मथुराबाईनं टोपलीत पिंजलेला कापूस घातला, बाजूला निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं आणि मला हाक मारली. अशा वेळी आजोबानं काहीतरी म्हणायचं असतं. फुलासारखी. चिमणीएवढी. कोणीही म्हणतं. मला तर असे दहा शब्द सुचायला हवे होते. मी तोंड उघडलं आणि एकही आला नाही. 'सारखी' हा शब्द साहेबाकडे राहिला होता. कातडं पातळ. त्यातून निळं दिसतं. पापण्या चिकटलेल्या. अंगावर बारीक केस. हातपाय पोटाशी. कापूस हलला की आकसते. जे होतं ते दिसलं आणि दुसरं काही दिसेना. तोंडात पाणी आलं, मी अंगणात जाऊन थुंकलो आणि मथुराबाईला सांगितलं, तंबाखू लागली.

पुढं इंदूला ताप भरला. मथुराबाई तिच्यापाशी, म्हणून टोपलीतला ओला कापूस बदलणं माझ्याकडे आलं. साहेबाचा चिमटा माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. बोटांनी धरली तर अळी फुटते म्हणून त्यानं तो मला दिला होता. मी ओला कापूस चिमट्यानं काढला. कोरडा चिमट्यानं घातला. तिची मूठ कापसात अडकली होती, तीही चिमट्याच्या टोकानंच सोडवली, अगदी हलक्या हातानं. चिमटा आधी उकळत्या पाण्यातून काढला होता, हे कोणी लक्षात घेत नाही. माझे हात घणाचे, बिडीचे, खरबरीत, हेही कोणी घेत नाही. मान वर केली तर खाटेवरून इंदू बघत होती. तापानं डोळे लाल. ती कूस बदलून भिंतीकडे वळली. पोर त्या आठवड्यातच गेलं. पुरायला मी गेलो, टोपलीसकट. त्या चिमट्यावर आम्ही बापलेक कधी बोललो नाही. पण इंदू पुन्हा माझ्या घरी बाळंत व्हायची नाही, हे मला त्या वळलेल्या पाठीवरून तेव्हाच कळलं.

"काय खाऊ घालत होते तिले?" मन्सूरनं विचारलं.

"बोटानं दुधाचा थेंब," मी म्हणालो. "टोपलीत ठेवली. खाली मऊ पिंजलेला कापूस, शेजारी निखारे. ऊब तुटू द्यायची नाही."

"कापूस?" मन्सूरच्या कपाळाला आठी पडली.

शब्द गेला होता. परत घेता येईना. इंदूचं गाठोडं तिच्या मांडीवर आलेलं होतं. मी तिच्याकडे न बघता बोलत सुटलो. किती जपलं, किती उठबस केली, ओला कापूस कसा बदलला. बोलता बोलता दोन्ही हात ओंजळ करून पुढे धरले होते. माझं लक्ष त्यांच्याकडे गेलं. कातडं पातळ झालंय. त्यातून निळं दिसतं. बोटांच्या सांध्यांवर वळ्या. मागच्या बाजूला विरळ केस. आंघोळीला बसतो तेव्हा पोटाकडेही असंच लक्ष जातं. पांढरं, वळ्यावळ्यांचं, उन्हात कधी न आलेलं. वर्षानुवर्षं अंधारात पडून सडकं खाणारी अळी मी पुरती बघितली होती, पण तिनं मलाही बघून ठेवलंय असं वाटलं. ओंजळ सोडावीशी वाटत होती. पण गोष्टीत त्या ओंजळीत ती होती.

"राळेगाऽव! राळेगाव, राळेगाव!" कंडक्टर ओरडला.

मोटार स्टँडात वळत होती. धूळ उडाली, ती कापसावर येऊन बसू लागली. माणसं पिशव्या, कोंबड्या, पोरं घेऊन दाराकडे धावली. इंदूनं गाठोड्याची गाठ मुठीत धरली. मी आवाज चढवला.

"अन् एक दिवस पाह्यतो तं काय! टोपली रिकामी. म्हटलं गेली. मांजरानं नेली. मथुराबाई रडाले लागली. तं वर आढ्यावर कायतरी चमकते! भुंगेरा! हिरवाकंच, पंख अजून ओले. म्यां हात वर केला. आला बापा खाली. सरळ माह्या तळहातावर येऊन बसला."

"वळखलं काय तुम्हाले?" लालसिंगनं विचारलं. आता तो हसत नव्हता.

"वळखन नाही तं काय? रोज या हातावर घेतली होती म्यां तिले. माह्या हाताचा वास माहीत होता तिले. जराशी बसली, पंख वाळोले, मंग उडाली. जंगलाकडं गेली. चांगली मोठी होऊन गेली, इंदे. जिवंत."

कंडक्टरनं घंटी मारली. इंजिन घुरघुरलं. इंदू उठली नव्हती. मोटार फाटकातून बाहेर पडली, वळली आणि तिचा धूर आमच्या तोंडावर सोडून राळेगावच्या रस्त्याला लागली. मथुराबाईनं सांगितलेलं काम झालं होतं. मला वाटलं, आता हसावं. तोंडात पाणी साचलं होतं आणि थुंकायला जागा नव्हती. मन्सूर मान खाली घालून पिंजणाच्या तांतीवरून बोट फिरवत होता. कापसात ती अळी तशीच होती, तिच्यावर थोडी धूळ बसलेली.

इंदूनं गाठोडं बाकाखाली सारलं. पोट सांभाळत वाकली, दोन बोटांनी अळी उचलली आणि तळहातावर ठेवली. अळी आकसली. मग हळूहळू उलगडू लागली.

"खोटं हाय हे, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. मन्सूरसमोर, लालसिंगसमोर, रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "अळी लाकडात जगते. कापसात अळी नोती, माही पोरगी होती. अन् थे उडून नाही गेली. अन् तिले तुम्ही हात नाही लावला, चिमटा लावला." तिनं आपला तळहात माझ्या ओंजळीजवळ आणला. "मोटार तं गेली आता. धरा हे. धरा हातात, अन् मंग खरं सांगा."